मास्तरची रांग

आता आमच्या इमारतीत घंटा वाजली की लोक फक्त दार उघडतात. दारात कुरियरवाला असतो, तो पाकीट देतो, सही घेतो, दार बंद होतं. एके काळी याच इमारतीत बेलचं बटण दाबणं ही जोखमीची गोष्ट होती. इस्त्रीवाल्याने कुणाचीही बेल वाजवली की तिन्ही मजल्यांवरची मुलं जिन्याने खाली धावत सुटायची, आणि त्यांच्यामागून एक पिवळट रंगाचा, एक कान उभा नि एक कान पडलेला कुत्रा घाईघाईने पण गंभीर चेहऱ्याने उतरायचा. अजूनही जिन्यात बेल ऐकली की माझी मान आपोआप तिकडे वळते. कुणी येत नाही. बायको म्हणते, "अहो, किती वर्षं झाली त्याला!" झाली असतील. मानेला कोण सांगणार?

कुत्रा आणायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. बाजारातले दुकानदार मला लांबून बघून तराजू पुसायला घ्यायचे. ज्याच्या येण्याने अख्खी भाजी मंडई दोन मिनिटं खरं बोलते, असा माणूस स्वतःहून घरात कुत्रा कशाला आणेल? पण कारण होतं, आणि ते कारण आमच्या गॅलरीत उभं असायचं.

बारकी. आमची मुलगी. आम्ही या इमारतीत राहायला आलो तेव्हा ती नुकतीच शाळेत जायला लागली होती. संध्याकाळी खाली अंगणात मुलांचा असा काही गलका चालायचा की रेडिओ ऐकू येऊ नये. आणि बारकी वर गॅलरीच्या गजांत तोंड खुपसून बघत उभी. इतका वेळ की गालांवर गजांचे वळ उठायचे. "अगं जा की खाली," म्हटलं तर म्हणायची, "नको. त्यांचे सगळ्यांचे झालेत."

"काय झालेत?"

"मित्र."

एवढंच म्हणाली आणि परत गजांत तोंड घातलं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

अशी अडचण एकदा शेजारपाजाऱ्यांना कळली की सल्ल्यांना तोटा नसतो. वरच्या मजल्यावरच्या इंजिनियरने मासे पाळायला सांगितलं. (माशांना बघायला कोण येणार? आणि आले तरी काचेला नाक लावून उभे राहणार. ते काम बारकी आधीच करत होती.) आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "कासव घ्या. कासव नियमात बसतं." समोरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुत्रा आणा हो. कुत्र्यामागे मुलं धावत येतात, मुलांमागे तुमची मुलगी जाईल. फक्त मुलांशी चांगला असलेला बघून आणा, एवढंच." बायकोला हे एकदम पटलं. बायकोला पटलेली गोष्ट आमच्या घरात ठराव म्हणून मंजूर होते.

राहिले अप्पा. अप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर छापखान्यात खिळे जुळवले, त्यामुळे माणसाकडे बघतानाही ते चष्म्यावरून, उलटं अक्षर वाचावं तसे बघत. त्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "घरात भुंकायला आहे की एक." ही माझी तारीफ होती. पुढे म्हणाले, "आणायचा तर आण बाळ्या, पण माझ्या खुर्चीवर चढला तर खुर्चीसकट बाहेर काढीन." या वयात, सरकारी नोकरीत, डोक्यावरचे केस जायला लागलेले असताना मला 'बाळ्या' म्हणणारा हा जगात एकटाच माणूस होता. तेही बायकोसमोर, मुलीसमोर आणि दूधवाल्यासमोर. किती वेळा सांगितलं, पण छे!

बेवारस कुत्र्यांना सांभाळणारं एक शेल्टर गावाबाहेर होतं. आम्ही तिघं तिथे गेलो. शेल्टरच्या बाई उंच, खणखणीत आवाजाच्या, आणि हातात कायम एक ओला टॉवेल. मी लगेच कामाला लागलो. "मुलांशी चांगला असा कुठला आहे?"

"हा बसलाय तो," बाई म्हणाल्या. कोपऱ्यात तो पिवळट कुत्रा भिंतीला पाठ लावून ताठ बसला होता. "मुलांशी एकदम उत्तम."

"आधार काय?"

बाईंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "शाळेच्या पटांगणात वाढलाय. शाळा बंद पडली, इमारत पाडली, तरी हा फाटकाशीच बसून राहिला. शेवटी आम्ही उचलून आणला."

"आणि मोठ्यांशी कसा आहे?"

बाई विचारात पडल्या. "मोठ्यांबद्दल त्याची काही तक्रार नाही," त्या म्हणाल्या. "मोठ्यांची तो दखलच घेत नाही."

मला वाटलं, बाई विनोदी आहेत.

आता ज्याने आयुष्यात एकही किलो दुसऱ्याच्या शब्दावर मान्य केला नाही, तो माणूस कुत्रा नुसत्या तोंडी हमीवर कसा घेणार? मी पिशवीतून बारकीची रबरी बाहुली काढली, कारण माणसाचं मूल अशा कामाला कुणी देत नाही, आणि बाहुलीच्या हाताने कुत्र्याचं शेपूट हळूच ओढलं. कुत्र्याने बाहुलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग मान वळवली. मी बाहुलीच्या तोंडून "भू भू, इकडे ये" असं बारीक आवाजात म्हणालो. शेल्टरच्या बाई टॉवेल तोंडावर धरून आत गेल्या. बायको म्हणाली, "अहो, पुरे."

तेवढ्यात माझ्या पाठीमागे लपलेली बारकी एक पाऊल पुढे आली. कुत्रा उठला. जवळ गेला, तिचा हात हुंगला, आणि नाकाने तिला हळूहळू ढकलत भिंतीपाशी नेऊन सरळ उभं केलं. मग एक पाऊल मागे सरकून तिच्याकडे समाधानाने पाहिलं. बारकी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, माझंही नाक चुरचुरलं. आम्हाला वाटलं, लळा लागला. त्याने तिला रांगेत उभं केलं होतं, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. रांगेत तूर्त एकच मूल होतं, म्हणून ओळखू आली नाही, इतकंच.

पण कुत्रा लगेच मिळत नाही. आधी घराची तपासणी होते. म्हणजे मी, तपासणी करणारा, माझीच तपासणी! बाई रविवारी सकाळी आल्या. आदल्या दिवशी मी घर असं लावून घेतलं होतं की अप्पा म्हणाले, "स्थळ येतंय का कुणाला?" बाईंनी मोरी पाहिली, कपाटांच्या मागे पाहिलं, गॅलरीच्या गजांमध्ये हात घालून पाहिला. "यांच्यात अंतर किती?" मी छाती फुगवून म्हणालो, "सहा इंच. मी स्वतः मोजलंय."

बाईंनी आपला टेप काढला. चार इंच निघालं. कुत्र्याचं डोकं अडकतं.

मी म्हणालो, बाई, तुमचा टेप तपासून घ्यायला हवा, असे टेप मी रोज जप्त करतो. बाई म्हणाल्या, तुमचा आणा. मी आतून आमचा टेप आणला, ऐटीत उलगडला, आणि पाहतो तर टेप तीनपासून सुरू! एक आणि दोन नाहीतच. बारकीने बाहुलीला पट्टा करायला कापून घेतले होते. मी खोलीच्या मध्यभागी तो थोटा टेप धरून उभा. खात्यात हे कळलं असतं तर माझी बदली झाली असती. अप्पांना तर पर्वणीच. बाईंना चहा देताना त्यांनी माझी सगळी जन्मकुंडली मांडली. "लहानपणी गोगलगायीला घाबरायचा हा. ती अंगावर धावून येते म्हणायचा." बाई इतक्या हसल्या की चहा सांडला. गजांना जाळी मारायच्या अटीवर आम्ही पास झालो. मला आजही वाटतं की पास मी झालो नाही, अप्पा झाले.

मग सोसायटी. सेक्रेटरी नियमांचे पक्के होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून इमारत हीच त्यांची शाखा. त्यांच्याकडे सभेत शांतता राखायला एक पितळी घंटा होती, लाकडी मुठीची. ती ते प्रत्येक सभेत जीव तोडून वाजवत, आणि गेल्या कित्येक वर्षांत त्या घंटेने एकही माणूस गप्प झालेला नव्हता. तर त्यांनी महिनाभराची तात्पुरती परवानगी दिली. "महिन्यानंतर सभा. तक्रारी आल्या तर कुत्रा परत. आणि हो, लिफ्टमध्ये नाही." आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. पण नियम झाला होता.

कुत्रा घरी आला तो शनिवार होता. बारकी त्याच्या गळ्यात हात टाकून फरशीवर बसली होती. अप्पा खुर्ची अडवून बसले होते. मी त्याच्यापुढे बिस्किट धरून "शेकहँड, शेकहँड" करत होतो आणि तो माझ्या आरपार भिंत बघत होता. इतक्यात बेल वाजली. पेपरवाला.

कुत्रा ताडकन उठला. बारकीचा फ्रॉक दातात धरला, अगदी अलगद, आणि तिला घेऊन पेपरवाल्याच्या पायांमधून जिन्यात. पेपरवाला बिलासकट खाली बसला. कुत्रा समोरच्या दारात गेला, डॉक्टरीणबाईंची मुलगी बाहेर काढली. वर गेला, इंजिनियरची जुळी काढली. खाली अंगणात जे खेळत होते त्यांना एकेकाला नाकाने ढोसत आणलं. मी धापा टाकत खाली पोचलो तेव्हा अंगणात उंचीप्रमाणे लावलेली मुलांची रांग उभी होती आणि कुत्रा समोर बसून ती तपासत होता. कुणी हललं की नाकाने सरळ करायचा. मुलांना वाटलं, हा नवीन खेळ! त्यातल्या एकाने शाळेतल्यासारखं "एक!" म्हणून ओरडून नंबर सांगितला. पुढचा "दोन!" मग तीन, चार, असे आकडे पुढे सरकत गेले, आणि सगळ्यांत शेवटी बारकी. ती फ्रॉकचा काठ मुठीत धरून उभी. सगळी मुलं तिच्याकडे वळून बघायला लागली. तिने नंबर सांगितला नाही. पण ती पळूनही गेली नाही. डॉक्टरीणबाईंच्या मुलीने तिचा हात धरला.

मुलांनी त्याच दिवशी कुत्र्याचं नाव ठेवलं, मास्तर.

एकदा गंमत वाटली, दुसऱ्यांदाही वाटली. पण एका इमारतीत दिवसाला बेल किती वेळा वाजते, याचा तुम्ही कधी विचार केलाय? दूध, पेपर, इस्त्री, केबल, चुकून आलेला, पत्ता विचारणारा. दर बेलला मास्तर कामावर. इंजिनियरची जुळी अर्ध्या आंघोळीतून साबणासकट रांगेत यायला लागली. डॉक्टरीणबाईंच्या घरातल्याच दवाखान्यात खुर्चीवर तोंड उघडून बसलेला एक पोरगा तोंड तसंच उघडं ठेवून रांगेत आला, त्याच्यामागे डॉक्टरीणबाई हातात आरसा घेऊन. शाळा सुटल्याची लांब घंटा झाल्याशिवाय मास्तर कुणाला सोडायचा नाही, आणि लांब घंटा द्यायची कुणी? शेवटी आम्हीच आमच्या बेलवर अंगठा दाबून धरायला लागलो. आठवड्याच्या आत बेल जळाली.

सल्ले सुरू झाले. कानात कापूस घाला. (घातला. कापूस त्याने खाल्ला.) कुत्र्याला कोंडा. (कोंडला. इतका केविलवाणा रडला की तक्रारी दुप्पट.) इंजिनियर म्हणाला, "घंटेचा आवाजच बदला." मी पदरमोड करून सगळ्या घरांना पाखरांच्या किलबिलाटाच्या बेल बसवून दिल्या. इमारतीत दिवसभर पाखरं बोलायला लागली. आजूबाजूची मांजरं येऊन जिन्यात मुक्काम करून राहिली. आणि मांजरं बघून मास्तर? ढिम्म हलला नाही. मांजरं त्याच्या खात्यात येत नव्हती.

घरातल्या घंटा गेल्या, तर आइस्क्रीमवाला आला. त्याच्या सायकलला घंटा होती. संध्याकाळी फाटकाशी तो ती वाजवायचा आणि मास्तर इमारतीतलं एकूण एक मूल शिस्तीत त्याच्या गाडीसमोर आणून उभं करायचा. असा माल विकणारा नोकर कुणाला मिळतो? आइस्क्रीमवाल्याने मास्तरला रोज एक कप चालू केला. पालक माझ्या नावाने बोटं मोडायला लागले. इंजिनियर तर जिन्यात मला बघून वाटच बदलायचा.

आणि या सगळ्यात बारकी? बारकी रोज खाली होती. मास्तरने खाली नेली नाही असा दिवस नव्हता. गालांवरचे वळ गेले आणि गुडघ्यांवर खरचटल्याचे आले. ती अजून फार बोलायची नाही, नंबरच्या वेळी गप्पच राहायची, पण हात धरायला कुणीतरी असायचं. सभेच्या सकाळी तिने मला विचारलं, "बाबा, मास्तरला परत पाठवलं तर मी परत वर का?" मी म्हणालो, "नाही गं." पण मला काय माहीत होतं? एका महिन्यासाठी मी तिचे मित्र उसने आणले होते, आणि ते परत करायची वेळ आली होती.

सभा संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये भरली. एरवी ज्या सभेला खुर्च्या उरतात तिथे लोक उभे होते. मास्तरला मी खांबाला बांधला होता. मी खात्यात शोभेल असं निवेदन तयार केलं होतं. "सभासदहो, प्राणी मुलांशी चांगला आहे की नाही हे..." इतकं म्हणेपर्यंत इंजिनियर उठला, "चांगला आहे हीच तक्रार आहे!" डॉक्टरीणबाई बोलायला लागल्या, मांजरांचा विषय निघाला, जळलेल्या बेलचा निघाला, कुणीतरी गेल्या वर्षीच्या पाण्याच्या टाकीचाही काढला. सगळे एकदम. सेक्रेटरी "शांतता, शांतता" म्हणत होते, कोण ऐकतं? शेवटी त्यांनी ती पितळी घंटा उचलली आणि जोरजोरात वाजवली.

खरीखुरी शाळेची घंटा! मास्तरने दोरी तोडली नाही. गळ्यातल्या पट्ट्यातून डोकं काढून घेतलं, इतक्या सहज, की महिनाभर तो निव्वळ सौजन्य म्हणून बांधून घेत होता हे मला तेव्हा कळलं.

पार्किंगमध्ये सभासदांच्या डोळ्यांदेखत मुलं जमा व्हायला लागली. जुळी गणिताच्या शिकवणीला गेली होती ना? ती गच्चीवरून आली, टाकीतल्या पाण्याने नखशिखान्त भिजलेली. डॉक्टरीणबाईंची मुलगी आली ती दोन्ही गालांत चॉकलेट कोंबून. सेक्रेटरींचा नातू, ज्याला ताप म्हणून शाळेत पाठवला नव्हता, तो पतंग घेऊन आला. एकेक पालक आपापल्या मुलाकडे बघत गप्प होत गेला. रांग झाली. मला वाटलं, संपलं.

पण मास्तर परत फाटकाकडे पळाला. बाहेरून आइस्क्रीमवाल्याचा ओरडा ऐकू आला. आणि मास्तर आत आला तो एका माणसाच्या सदऱ्याची बाही दातात धरून. अप्पा! डॉक्टरांनी साखर सक्त बंद केलेले अप्पा, एका हातात कप, मिशीला आइस्क्रीम. मास्तरने त्यांना ओढत आणून रांगेच्या टोकाला बारकीच्या शेजारी उभं केलं, आणि समोर जाऊन बसला.

"एक!" पहिला म्हणाला. नंबर येत गेले. येत येत बारकीपाशी आले. सगळी सभा बघत होती. बारकीने अप्पांकडे पाहिलं, मास्तरकडे पाहिलं, आणि आपला नंबर असा खणखणीत ओरडली की पार्किंगमध्ये घुमला. या इमारतीने तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. तिच्या आईनेही बहुतेक.

मग अप्पा ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "आणि मी!"

जो काही हशा पिकला! इंजिनियरसुद्धा हसला. फक्त सेक्रेटरी हसत नव्हते. ते हातातल्या घंटेकडे बघत होते. मग त्यांनी ती हळूच उचलली आणि लांब वाजवली. मास्तर उठला, अंग झटकलं आणि रांग मोडली. सेक्रेटरींनी परत एकदा तुटक, टण टण वाजवली. रांग झाली. लांब वाजवली. सुटली. म्हातारा माणूस, डोळे भरून आले त्यांचे. "इतकी वर्षं ही घंटा वाजवतोय," ते म्हणाले, "या इमारतीत ती ऐकणारा हा पहिला सभासद. कुत्रा राहील. घरांच्या घंटा बंद, फक्त ही चालेल. रोज संध्याकाळी दिवेलागणीला एकदा. विषय संपला." आणि त्या सभेत पहिल्यांदाच विषय खरोखर संपला.

त्यानंतरच्या संध्याकाळी आठवल्या की अजून बरं वाटतं. खेळ रंगात आलेला असायचा, गॅलऱ्यांमधून आया हाका मारून थकलेल्या असायच्या, आणि सेक्रेटरी इस्त्रीचा सदरा घालून घंटा घेऊन बाहेर यायचे. टण टण टण. मास्तर निघाला. रांग, नंबर, सगळ्यांत शेवटी अप्पांचं "आणि मी!", मग लांब घंटा आणि सगळे घरी. एकाही मुलाला शोधायला कधी कुणाला जावं लागलं नाही. बारकी मोठी होत रांगेत पुढे सरकत गेली. अप्पांची जागा मात्र शेवटचीच, आणि मास्तर त्यांच्या खुर्चीवर चढून झोपायचा ते त्यांना दिसत नसे.

माझं काय? माझी दखल नाही. मी त्याला खाऊ घातलं, आंघोळ घातली, इंजेक्शनला नेलं. घंटा झाली की तो माझ्या पायांवरून पलीकडे जायचा. मी एकदोनदा मुद्दाम अंगणात रेंगाळलो, घोटाळलो, मुलांसारखा टाइमपास केला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या चार वर्षांच्या पोराला त्याने नेलं, मला ओलांडून. वडील चालतात आणि मुलगा चालत नाही, हे कुठलं माप? मी अप्पांना म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "तू मोठा झालास बाळ्या, त्याला कोण काय करणार?"

मग अप्पा विसरायला लागले. आधी चष्मा, मग पेपर वाचलाय हे, मग घर कुठलं हे. फिरायला गेलेले अप्पा कोपऱ्यावर गोंधळून उभे राहायचे. आम्ही घाबरलो. पण एक घंटा त्यांना कधी चुकली नाही, कारण ती मास्तरला चुकली नाही. ते बागेत असोत, वाण्याच्या फळीवर असोत, दिवेलागणीला मास्तर त्यांना बाहीला धरून आणायचा. आणि ज्या माणसाला सुनेचं नाव आठवत नव्हतं तो रांगेच्या टोकाला उभा राहून, आपली पाळी बरोबर ओळखून म्हणायचा, "आणि मी!" मला तेव्हा शेल्टरच्या बाई आठवायच्या. मुलांशी एकदम उत्तम.

अप्पा गेले ते पावसाळा संपता संपता. शेवटपर्यंत मला ओळखत होते की नाही ठाऊक नाही. पण हाक 'बाळ्या' अशीच मारली.

त्यानंतर सेक्रेटरींनी बरेच दिवस घंटा वाजवली नाही. आम्हीच निरोप धाडला, वाजवा, मुलं अंधार पडेपर्यंत बाहेर राहतात. त्या संध्याकाळी मी ऑफिसातून आलो आणि वर जायचं जिवावर आलं, म्हणून अंगणातल्या बाकावर बसलो. अप्पा रोज बसायचे त्याच. घंटा झाली. मास्तर निघाला. तोही म्हातारा झाला होता, तोंड पांढरं पडलं होतं, पण एकेकाला आणून लावलं. मग फाटकाकडे गेला. बाहेर बघितलं. परत आला. बाकाजवळ आला, बाकाची फळी हुंगली, खाली हुंगलं, माझे बूट हुंगले.

आणि वर बघितलं. माझ्याकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्याने माझ्या शर्टाची बाही दातात धरली. मी उठलो. बॅग बाकावरच राहिली. त्याने मला ओढत नेऊन रांगेच्या टोकाला उभं केलं, नाकाने थोडं सरळ केलं, आणि समोर जाऊन बसला. कुणी हसलं नाही. बारकी आता रांगेत बरीच पुढे होती, तिने मागे वळून पाहिलं आणि परत समोर बघायला लागली. नंबर सुरू झाले. एकामागून एक येत गेले, जवळ येत गेले, माझ्या शेजारच्या छोटीने आपला सांगितला आणि मग सगळे थांबले. सेक्रेटरी घंटा धरून थांबले होते. मास्तर माझ्याकडे बघत होता.

पाळी माझी होती.

"आणि मी," मी म्हणालो.

मग सेक्रेटरींनी लांब घंटा दिली आणि आम्ही सगळे आपापल्या घरी गेलो.